बारदान

दस्तगीरच्या दुकानातून पोतं आणलं
की आधी हुंगून बघायचं.
संकेश्वरी मिरचीचं असेल तर तीन दिवस उन्हात,
तरी चौथ्या दिवशी पहिल्या टाक्याला शिंक येतेच.
गुळाचं असेल तर मुंग्यांना आधी वाट द्यायची.
तंबाखूचं घेत नाही मी.
एकोणीस वर्षं वखारीत तेच शिवलं,
निपाणीत तो वास विकत घ्यावा लागत नाही.

गोणपाट कापडासारखं वागत नाही.
कात्री लावली की कडेचे धागे सुटून पळतात.
म्हणून आधी एक धागा ओढून काढायचा,
हळू, सबंध रुंदीभर,
आणि तो गेल्यावर जी रेघ उरते
तिच्यावरून कापायचं.
हे मला रुद्रव्वानं शिकवलं.

तिला मराठी यायचं भांडणापुरतं,
मला कन्नड बाजारापुरतं.
ती म्हणायची दब्बण, मी म्हणायची दाभण.
बोटात घुसल्यावर दोघींच्या तोंडून जे निघायचं
ते कुठल्याच भाषेत लिहीत नाहीत.
गोणी मात्र तिचीही गोणी, माझीही.

ज्येष्ठात कारहुणवीला
तिच्या भावाच्या बैलांना झुली,
आषाढात आपल्या बेंदराला माझ्या दिराच्या.
एका साली झुली त्याच, नुसते गोंडे बदलले.
बैलांनी काही विचारलं नाही.
मग खोळी,
खानापूरकडे रोप लावायला जाणाऱ्या बायांसाठी,
डोक्यावर टोक, आतून खताची पिशवी शिवलेली.
भाद्रपदात तालमीच्या गणपतीमागं पडदा.
त्यावर लोकरीची कमळं काढली
तेव्हा तालमीतल्या एका पोरीनं सांगितलं,
काकी, पोत्याचा शिक्का झाकू नका, तीच फॅशन आहे.
रुद्रव्वा हसली ती हसलीच.
जन्मभर आम्ही शिक्का आत घालून शिवलं होतं.

दिवाळीत शिवायला काही नसतं.
पोरं उरलेले तुकडे मागून नेतात,
चिखलात बुडवून दगडांवर पांघरतात,
रात्रीत त्याचा किल्ला होतो,
चार दिवसांनी बुरुजावर हळीव उगवतं.
पाडव्यानंतर माझा तुकडा मला परत मिळत नाही.

गेल्या श्रावणात ती लेकीकडे हुबळीला गेली,
डोळ्यांच्या ऑपरेशनला.
पंधरा दिवसांत येते म्हणाली.

भोगीच्या आदल्या दिवशी स्टँडवर कंडक्टरनं
एक गाठोडं हातात दिलं.
पत्ता कन्नडात, लेकीचं अक्षर असणार.
कुणाचं आहे, मावशी?
मी म्हटलं, लिहिलंय की बाहेरच.
दर पाचव्या टाक्याला एक उलटा,
वखारीत दुसरी कुणी घालत नव्हती तसा.

पण टाके वाकडे.
कुठं एका जागी तीन,
कुठं दोन बोटं जागा तशीच उघडी,
आणि एका कडेला सुतळीवर
तपकिरी वाळलेला ठिपका.

घरी येऊन मी कात्री काढली आणि ठेवून दिली.
एकेक टाका उसवत बसले,
दिवेलागणीपर्यंत.
आत तीळ लावलेल्या सज्जीच्या कडक रोट्ट्या,
गुरेळाची चटणी,
आणि निम्मी शिवलेली लहान पिशवी,
कशाची ते कळलं नाही.
सुतळी मी गुंडाळून ठेवली. पुष्कळ लांब निघाली.

त्याच गोणपाटात माघारी पाठवलं.
नवी जाड सुतळी घेतली, दुपदरी,
टाके असे घातले की बोट फिरवलं तर लागतील.
पाचवा उलटा.
दोनदा मोजायला चुकले, पुन्हा उसवलं.

कंडक्टरनं गाठोडं वरखाली केलं.
एवढं शिवलंय, आत सोनं हाय काय, मावशी?

शेंगा आहेत, मी म्हटलं.
भाजलेल्या. उन्हात ठेवू नको.